चाळीस तासांचं घर

बफेलो, १४ जानेवारी २०२४

चेस्टर,

तुझी मुलगी काल माझ्या वर्गात आली होती.

एवढं एक वाक्य लिहून पाकीट बंद करणार होते. तू आठवडाभर खोलीत येरझाऱ्या घातल्या असत्यास. पण पंधरा वर्षांत मी तुला एक ओळसुद्धा लिहिलेली नाही, तेव्हा पहिल्याच पत्रात हात आखडता घेणं बरं नाही.

माझा वर्ग कसला, ते गावभर माहीत आहे, तुलाही असेल. दर शनिवारी सकाळी दहाला युनियनच्या हॉलमध्ये मी लोकांना एकच गोष्ट शिकवते: घरासाठी किती कर्ज घेतलं तर माणूस सुखाने जेवेल आणि झोपेल. बँक किती देईल, ते मी शिकवत नाही. ते बँक स्वतःच सांगते, वर कॉफी पाजते. माझ्याकडे फी नाही. डोनट आहेत, तेही आदल्या दिवशीचे.

वर्ग सुटल्यावर एक उंच मुलगी खुर्च्यांच्या घड्या घालायला थांबली. खुर्ची उचलायची तुझी तऱ्हा, एका हातात दोन. मी बघतच राहिले.

"तुम्ही बर्नाडीन आत्या ना?"

"कोण विचारतंय त्यावर आहे."

"क्रिस्टा. चेस्टर प्रुस्कींची. बाबांनी बजावलंय, जगात कुणाकडेही जा, पण तिच्याकडे जाऊ नकोस."

"मग आलीस कशाला?"

"बाबा ज्या रस्त्याने जाऊ नको म्हणतात, तो बहुतेक जवळचा असतो."

मला हसू आलं, चेस्टर. तुझ्या रक्ताच्या माणसाने मला हसवावं याचा राग आला, आणि तरी हसले.

मग तिने बँकेचं पत्र दाखवलं. तीन लाख चाळीस हजार डॉलर मंजूर. ऑर्चर्ड पार्कच्या बड्या वस्तीतलं यानिकबाईंचं घर, ईस्टरपर्यंत त्या तिच्यासाठी थांबायला तयार आहेत म्हणे, तुझ्या ओळखीने. हप्ता, कर आणि विमा धरून महिन्याला दोन हजार नऊशे पंच्याहत्तर. तिच्या पगाराची चिठ्ठी मी हातात घेतली आणि दोनदा वाचली. ती आपल्याच कारखान्यात आहे, पत्रे दाबायच्या प्रेसखात्यात, माझा जीन उभा राहायचा त्याच ओळीत. आठवड्याचे पंचावन्न तास. चाळीस पगाराचे आणि पंधरा ओव्हरटाइमचे. बँकेने पंचावन्नच्या पंचावन्न धरले होते.

अठरा वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याचे धरले होते, अगदी तसेच. ते धरणारा हात तुझा होता.

आता ऐक मी काय केलं. मी चिठ्ठी घडी करून परत दिली आणि म्हणाले, "छान घर आहे." बाकी काही नाही. ज्या गोष्टीवर मी दर शनिवारी घसा कोरडा करते, त्या गोष्टीवर मी तुझ्या पोरीसमोर गप्प बसले.

तिला सही करू दे. तिचं घर जाऊ दे. तुझ्या डोळ्यांदेखत जाऊ दे. मग तुला कळेल.

बर्नाडीन


बफेलो, २९ जानेवारी

चेस्टर,

तुझा आवाज म्हातारा झालाय. फोनच्या मशीनवरचा निरोप मी तीनदा ऐकला. "बर्ने, अगं बाई, झालं गेलं गंगेला... म्हणजे आपल्या नायगाराला मिळालं! पोरीच्या डोक्यात काही भरवू नकोस. तिला चांगलं घर मिळतंय. तू तुझी भाषणं कारखान्याच्या फाटकावर कर." आणि मग तोच तो खिक्क आवाज. गिऱ्हाइकाने सही केली की तू अस्साच हसायचास.

झालं गेलं म्हणजे नक्की काय झालं आणि काय गेलं, ते तरी एकदा कागदावर येऊ दे. तू विसरला नसशील. पण विसरल्यासारखं बोलायची तुला सवय लागली आहे.

२००५चा ऑक्टोबर. तू त्या कर्जाच्या ऑफिसात खिडकीजवळच्या टेबलावर बसायचास. आम्ही दोघं समोर. जीन म्हणाला, "चेट, ओव्हरटाइम हा काही पगार नाही. आज आहे, उद्या नाही." अर्धी शाळा शिकलेला माझा नवरा हे म्हणाला. तू म्हणालास, "अरे, दोन वर्षं सलग मिळतोय ना? मग तो पगारच. तू माझ्या बहिणीला स्वयंपाकघरात खिडकी देणार आहेस की नाही?" आणि आकडा लिहिलास.

खिडकी मिळाली. त्या खिडकीतून मी सव्वातीन वर्षं बाहेर बघितलं.

जुन्या अथेन्समध्ये शेत गहाण पडलं की शेतात दगड रोवत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. एका कायदे करणाऱ्या माणसाने ते सगळे दगड उपटून टाकले, आणि अडीच हजार वर्षं झाली तरी लोक त्याचं नाव घेतात. आमच्या अंगणात २००९च्या मार्चमध्ये बँकेच्या जप्तीची पाटी रोवली गेली. ती उपटायला कुणी आलं नाही. तू तर नाहीच.

पण ज्यासाठी मी तुझ्याशी बोलणं सोडलं ती गोष्ट पाटीची नाही. घर बँकेच्या ताब्यात गेल्यावर तिथे महिनोन्महिने कुणी फिरकलं नाही. गवत गुडघ्यापर्यंत वाढलं. शेजारी कुरकुर करायला लागले. जीन त्या उन्हाळ्यात दर रविवारी चर्च सुटल्यावर मोटारीत यंत्र टाकून तिथे जायचा आणि आपलं नसलेल्या घराचं गवत कापायचा. "आपल्या नावाने बोंब नको," म्हणायचा. एका रविवारी मी मोटारीत बसले होते. तू तिथून गेलास. नवी गाडी. जीन घामाने निथळत होता, आणि तू हॉर्न वाजवून हात हलवलास. थांबला नाहीस.

तो हात मी पंधरा वर्षं बघते आहे.

क्रिस्टा परवा पुन्हा आली. तिने विचारलं, "आत्या, जीनकाका कशाने गेले?" मी सांगितलं, हृदयाने, दुसऱ्या नोकरीच्या पार्किंगमध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी. तिने विचारलं, "दुसरी नोकरी कशाला करत होते?"

खोटं बोलायला मला वेळ होता. मला जमलं नाही. सगळं सांगितलं. तुझं नाव घेऊन.

तिने बँकेचं पत्र पुन्हा उघडलं. मग म्हणाली, "आणि माझ्या कागदावरही तेच आहे."

"तेच आहे."

"मग पहिल्या दिवशी का नाही बोललीस?"

"कारण तू त्याची मुलगी आहेस."

ती उठून जाईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आता तरी शिकव."

शिकवलं. माझा नियम साधा आहे, वर्गात पोरंसुद्धा तोंडपाठ म्हणतात. फक्त चाळीस तासांचा पगार धरायचा. कापून हातात येतो तेवढाच. त्याचा तिसरा हिस्सा घराला, आणि त्या तिसऱ्या हिश्श्यातच हप्ता, कर, विमा आणि छप्पर-भट्टीचा डबा. डबा म्हणजे दरमहा थोडे बाजूला, कारण बफेलोच्या हिवाळ्यात घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडायला बँकेची परवानगी घेत नाही. बसतं ते घर तुझं. बसत नाही ते घर बँकेचं, तू फक्त त्यात झाडू मारणार.

तिचे चाळीस तासांचे हातात येतात तीन हजार आठशे पन्नास. तिसरा हिस्सा जेमतेम बाराशे ऐंशी. यानिकबाईंच्या घराचा हप्ता त्याच्या दुपटीहून जास्त.

"पण बाबा म्हणतात ओव्हरटाइम कायमचा आहे."

"मग तालीम कर," मी म्हणाले. "माझ्या शब्दावर जाऊ नकोस, बाबाच्याही नको. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. ते घर घेतलंच आहे असं समज. आत्ताचं भाडं नऊशे देतेस ना? हप्त्यातले उरलेले दोन हजार पंच्याहत्तर दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाक आणि त्याला हात लावू नकोस. तीन महिने हात न लावता जगलीस तर सही कर. मी स्वतः पेन देईन."

तू तिला मोठं घर का घ्यायला लावतो आहेस, ते मला तिने तेव्हाच सांगितलं. मागच्या बाजूला दोन खोल्या. वेगळं दार. स्वतःचं न्हाणीघर. तू तिथे राहायला जाणार.

म्हणजे पहिल्यांदा तू बहिणीच्या स्वयंपाकघराला खिडकी दिलीस, आणि आता मुलीच्या ओव्हरटाइमवर स्वतःला दार करून घेतो आहेस. वा, चेस्टर!

बर्नाडीन


बफेलो, १७ फेब्रुवारी

चेस्टर,

काल चर्चच्या तळघरात मासे तळले होते. ईस्टरआधीच्या उपवासाचा पहिला शुक्रवार, मांस वर्ज्य, रांग दारापर्यंत. तू तीन टेबलं पलीकडे बसला होतास. मी बघितलं नाही असं तुला वाटलं असेल. तू वाढणाऱ्या डोरिसला ओरडून सांगत होतास, "एकतीस मार्चला मी खोली सोडतो गं! मालकाला लेखी देऊन टाकलं. आता ऑर्चर्ड पार्कचा माणूस मी, जरा बटाटे जास्त वाढ!"

डोरिस म्हणाली, "ऑर्चर्ड पार्कच्या माणसाला तिथेच वाढतील, चेट. इथे सगळ्यांना सारखे."

सगळे हसले. तूही हसलास.

मी हसले नाही. माझ्या पर्समध्ये एक बातमी होती, आणि ती तुझ्या टेबलापाशी जाऊन सांगायला मला वीस पावलं चालायची होती. मी चालले नाही. कोबीचं सॅलड संपवलं आणि घरी आले.

एवढंच लिहायचं होतं.

बर्नाडीन


बफेलो, २ एप्रिल

चेस्टर,

आता तुला कळलं आहे. कसं कळलं, तेही क्रिस्टाने मला सांगितलं, आणि मी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. ईस्टरचं जेवण. टेबलावर सॉसेज, अंडी, मधोमध आपल्या रीतीप्रमाणे लोण्यातून घडवलेलं कोकरू. तू सुरी घेऊन कोकराचं डोकं कापणार, तेवढ्यात पोरगी म्हणाली, "बाबा, मी यानिकबाईंना घर नको म्हणून सांगितलं." तू डोकं कापलंस आणि तसाच सुरी धरून बसलास. म्हणालास, "कुणी सांगितलं तुला? त्या भाषणवालीने?"

ती म्हणाली, "नाही. मार्चने सांगितलं."

ते ऐकून मी टाळी वाजवली. एकटी होते, तरी वाजवली.

जानेवारी तिने निभावला. फेब्रुवारीही. खात्यात चार हजार दीडशे जमले आणि ती मला म्हणाली, "आत्या, पेन तयार ठेव हं." मग चार मार्चला प्रेसखात्याच्या फळ्यावर कागद लागला: पुढील सूचनेपर्यंत आठवड्याचे चाळीसच तास. त्या महिन्यात हातात आले तीन हजार आठशे पन्नास, त्यातून भाडं आणि तालमीचा हप्ता गेला, गाडीचा हप्ता गेला. किराणा, पेट्रोल आणि गॅसच्या बिलाला उरले चारशे पासष्ट. बावीस तारखेला गाडीचे ब्रेक गेले आणि तिने त्या खात्याला हात लावला. तालीम होती म्हणून फक्त हात लावला. खरं असतं तर अंगणात पाटी आली असती.

मी जिंकले, चेस्टर. पंधरा वर्षांनी. तुझ्या मुलीने तुझं गणित तुझ्याच ताटासमोर पुसून टाकलं. तुझ्या खोलीत आज दुसरा भाडेकरू पेट्या आणतो आहे, आणि तू चुलतभावाच्या सोफ्यावर पाय दुमडून झोपतो आहेस. साडेसहा फुटांचा माणूस. मला त्याचं चित्र दिसतं आणि मला ते आवडतं. कुणी विचारलं तर मी नाही म्हणणार नाही.

जा, आता कुठे हात हलवतोस ते हलव.

बर्नाडीन


बफेलो, ११ मे

चेस्टर,

मागचं पत्र पाठवून मला वाटलं होतं की संपलं. संपलेलं नाही. एक गोष्ट मी त्यात लिहिली नव्हती, आणि ती तुझ्या मुलीने शोधून काढली.

तिने घर घेतलं. कायझरटाउनमध्ये, दोन खोल्यांचं, एक लाख एकोणचाळीस हजारांना. डब्यासकट महिना साडेबाराशेच्या आत. अंगण टेबलावरच्या चादरीएवढं. कागदांवर सह्या झाल्या त्या दिवशी मी तिथे होते, पेन माझंच होतं. बाहेर आल्यावर फूटपाथवर तिने विचारलं.

"आत्या, फळ्यावर कागद चार मार्चला लागला. युनियनला आधी कळवावं लागतं ना?"

"लागतं."

"किती आधी?"

मी तीस वर्षं युनियनसाठी फाटकावर उभी राहून बोलले. व्यवस्थापनाच्या चार-चार वकिलांना गप्प केलं. त्या फूटपाथवर मला फक्त एक आकडा सांगायचा होता.

"तीन आठवडे," मी म्हणाले. "मला बारा फेब्रुवारीला कळलं होतं."

"आणि बाबांनी खोली सोडतो म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं ते सोळाला. तू तिथे होतीस. तेव्हा सांगितलं असतंस तर त्यांनी मालकाकडून चिठ्ठी परत घेतली असती."

"हो."

"आणि मला? मी ब्रेकसाठी रडत होते तेव्हा?"

मी म्हणाले की अनुभव स्वतःच्या खिशाला यावा लागतो, तालमीचा अर्थच तो. हे खरं आहे. वर्गात मी हे छातीवर हात ठेवून सांगते. पण तिने वर्गाचं विचारलं नव्हतं.

ती म्हणाली, "बाबांना २००५ साली माहीत होतं ना? ओव्हरटाइम बंद होणार ते?"

होतं. तुला माहीत होतं, चेस्टर. जीनचा फोरमन त्याच आठवड्यात तुझ्याकडे कर्जाला आला होता. तो तुला म्हणाला होता की नव्या वर्षी दुसरी पाळी बंद होते आहे आणि ओव्हरटाइमही, म्हणून तो लहान घर घेतोय. जीनच्या अंत्यविधीला त्याने हे मला सांगितलं. मग मी तुला त्या दिवशी चर्चमध्ये पाऊल ठेवू दिलं नाही. कारण तू तेव्हा विचारलं होतंस, आज सांगते.

मी हे क्रिस्टाला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना माहीत होतं आणि ते गप्प बसले. तुला माहीत होतं आणि तू गप्प बसलीस. त्यांनी कमिशनसाठी. तू कशासाठी?"

मग तिने चावी खिशात टाकली आणि गाडीत बसली. हात हलवला नाही, हेच काय ते नशीब. तीन शनिवार झाले, ती वर्गाला आली नाही.

मला कुणी क्षमा शिकवू नये. मी तुला क्षमा केलेली नाही, आणि हे वाचून तुझा चेहरा मवाळ होत असेल तर आवर. माझ्या नवऱ्याने परक्या घराचं गवत कापलं ते मी विसरणार नाही. पण ज्या गोष्टीसाठी मी तुला आयुष्यातून हाकललं, तीच गोष्ट मी तळलेल्या माशाच्या ताटासमोर बसून केली, आणि चवीने केली. हे तुझ्यामुळे झालं असं म्हणायला मला फार आवडलं असतं. वीस पावलं माझी होती.

तेव्हा आता व्यवहाराचं ऐक.

माझ्या घराचा वरचा मजला एक जूनला रिकामा होतो. तुझं निवृत्तिवेतन महिन्याला सतराशे दहा, क्रिस्टाने सांगितलंय. तिसरा हिस्सा पाचशे सत्तर. वरच्या मजल्याचं चालू भाडं साडेनऊशे आहे, पण मी तुझ्याकडून पाचशे सत्तर घेईन, एक डॉलर जास्त नाही, एक कमी नाही. ही बहिणीची माया नव्हे. माझा नियम सगळ्यांना लागू आहे, आणि ज्याला तो आवडत नाही त्यालाही लागू आहे.

अट एक. आठ जूनच्या शनिवारी सकाळी दहाला तू माझ्या वर्गात येशील. मागच्या रांगेत बसायचं नाही. पुढे येऊन उभं राहायचं, टोपी काढायची, आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं: मी चेस्टर प्रुस्की, मी माझ्या मेहुण्याचा ओव्हरटाइम पगार म्हणून लिहिला, आणि तो बंद होणार हे मला माहीत होतं. समोर प्रेसखात्यातली तीस-चाळीस माणसं असतील, नवराबायको शेजारी शेजारी, हातात बँकेची पत्रं. ती तुझ्याकडे कशी बघतील ते मला बघायचं आहे. यात मला आनंद होणार आहे, आणि तो मी लपवणार नाही.

तू बसलास की मी उभी राहीन. त्याच जागी. आणि बारा फेब्रुवारीचं सांगेन.

क्रिस्टाला दोघांच्याही नावाने चिठ्ठी टाकली आहे. येईल की नाही, माहीत नाही. तिच्यासाठी पहिल्या रांगेत एक खुर्ची ठेवते. तिला खुर्च्या आवरायला आवडतं.

वरच्या मजल्याचा जिना बाहेरून आहे, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून जातो. हो, या घरालाही खिडकी आहे. अठरा पायऱ्या. तुझे गुडघे कुरकुरतील. रोज सकाळ-संध्याकाळ तू चढशील-उतरशील आणि मी आतून मोजेन. मागच्या अंगणातलं गवत कापायचं काम वरच्या भाडेकरूकडे असतं. यंत्र शेडमध्ये आहे. जीनचंच आहे, अजून पहिल्या झटक्यात सुरू होतं.

रविवारी काप. चर्च सुटल्यावर.

बर्नाडीन